मोजून दिलेला थेंब : मोटारीतील इंजेक्टरचे कार्य आणि त्याची निगा

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी जातीची अखेरची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाली. ज्यांनी ह्या मोटारीतून वा तिच्या पिढीतील दुसऱ्या एखाद्या मोटारीतून प्रवास केला असेल, त्यांना थंडीच्या पहाटेचे एक दृश्य हमखास आठवेल. चालक प्रथम ‘चोक’ची मूठ ओढी, मग किल्ली फिरवी, एंजिन दोन-चार वेळा खोकल्यासारखे करून बंद पडे. पुन्हा प्रयत्न होई आणि थोड्या वेळाने पेट्रोलचा उग्र वास व काळसर धूर सोडीत गाडी चालू होई. आजच्या मोटारीत ह्यातले काहीच घडत नाही. किल्ली फिरवावी किंवा कळ दाबावी आणि एंजिन सुरू व्हावे, मग हवा थंड असो वा उष्ण, गाव समुद्रकाठी असो वा डोंगरमाथ्यावर.

हा पालट ज्या भागामुळे घडून आला तो भाग हाताच्या बोटाएवढा असून मोटारमालकाच्या दृष्टीस तो क्वचितच पडतो. त्याला ‘इंजेक्टर’ म्हणतात. आत फेकणारा, म्हणून मराठीत त्याला ‘अंतःक्षेपक’ असा प्रतिशब्द आहे. परंतु कारखान्यात आणि रस्त्यावर इंजेक्टर हाच शब्द रूढ असल्याने आपणही तोच वापरू. इंजेक्टर काय करतो, ते इतके अवघड का आहे आणि त्याची निगा कशी राखावी, ह्याचा विचार पुढे केला आहे. हा विषय केवळ मोटारमालकांच्या जिव्हाळ्याचा नाही. जो मोटारीत बसत नाही, परंतु रस्त्याच्या कडेने चालतो आणि तेथील हवा श्वासावाटे आत घेतो, त्याचाही ह्या लहानशा भागाशी रोजचा संबंध येतो.

थेंबाचा हिशेब

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. पण ते एकटे जळत नाही. हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग व्हावा लागतो, आणि हा संयोग पुरा व्हावयाचा तर दोहोंचे प्रमाण ठरलेले असावे लागते. वजनाच्या हिशेबाने १ भाग पेट्रोलाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे टाकीतील एक लिटर पेट्रोल नीट जाळण्यासाठी एंजिनाला नऊ हजार लिटरांहून अधिक हवा ओढून घ्यावी लागते. पेट्रोल ह्या प्रमाणाहून अधिक झाले तर काही भाग अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. ते कमी पडले तर ज्वाला दुबळी होते, एखादे वेळी पेटतच नाही, आणि एंजिन अडखळते.

आता एका सिलिंडरात एका वेळी किती पेट्रोल लागते ते पाहू. चार सिलिंडरांच्या १,२०० घन सेंटिमीटर क्षमतेच्या एंजिनाचे उदाहरण घेऊ. प्रत्येक सिलिंडरात ३०० घन सेंटिमीटर हवा मावते. तिचे वजन एक तृतीयांश ग्रॅमहून किंचित अधिक भरेल. वरील प्रमाणानुसार तिला सुमारे २४ मिलिग्रॅम पेट्रोल पुरे होते. हे पाण्याच्या एका सामान्य थेंबाहूनही लहान होय! आणि हा झाला पूर्ण भाराचा हिशेब. गाडी सिग्नलपाशी उभी असून एंजिन मंद चालत असते, तेव्हा लागणारे पेट्रोल ह्याच्याही चौथ्या-पाचव्या हिश्शाइतके असते.

हा थेंब एकदा मोजून देणे हे प्रयोगशाळेत बसून कोणालाही जमेल. पण एंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असेल, तर प्रत्येक सिलिंडराला सेकंदात २५ वेळा असा थेंब द्यावा लागतो. ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने आणि मिनिटास सरासरी २,००० फेऱ्यांनी एक लाख किलोमीटर धावलेल्या मोटारीतील प्रत्येक इंजेक्टर तोवर सुमारे १५ कोटी वेळा उघडलेला व मिटलेला असतो. इतक्या वेळा, इतके बारीक माप, तेही एंजिनाच्या उष्णतेत व हादऱ्यांत देत राहणे, हे इंजेक्टरचे खरे काम होय.

कार्ब्युरेटर आणि त्याची मर्यादा

इंजेक्टरपूर्वी हे काम कार्ब्युरेटर करीत असे. त्याचे तत्त्व सोपे आणि सुंदर आहे. वाहती हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो व दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळे लगतच्या वाटीतील पेट्रोल बारीक नळीतून वर ओढले जाते आणि हवेत मिसळते. अत्तराच्या फवाऱ्याचे तत्त्वही हेच. परंतु हवा किती थंड आहे, तिचे वजन किती आहे, एंजिन तापले आहे की नाही, हे कार्ब्युरेटरला कळत नाही. शिवाय त्याच्या वाटीतील पेट्रोलाची पातळी गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असते.

ह्या शेवटच्या उणिवेमुळे दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांचे प्राण संकटात सापडले. ब्रिटिशांच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांतील मर्लिन एंजिनांना कार्ब्युरेटर होते. जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाच्या एंजिनात मात्र पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणारी यंत्रणा होती. जर्मन वैमानिक विमानाचे नाक एकाएकी खाली करून सूर मारीत असे. पाठलाग करणाऱ्या ब्रिटिश वैमानिकाने तसेच केले, की त्याच्या कार्ब्युरेटरातील पेट्रोल वाटीच्या वरच्या भागाकडे उसळे, एंजिन क्षणभर उपाशी राही आणि लगेच अतिरिक्त पेट्रोलाने गुदमरून जाई. तेवढ्यात शत्रू निसटे, किंवा उलटून हल्लाही करी.

फार्नबरो येथील शासकीय विमान-संशोधन संस्थेतील बीट्रिस शिलिंग ह्या महिला अभियंत्याने १९४१ च्या आरंभी ह्यावर एक तात्पुरता पण परिणामकारक उपाय काढला. एंजिनाला जास्तीत जास्त जेवढे पेट्रोल लागते तेवढेच जाऊ शकेल असे नेमके छिद्र असलेली धातूची लहानशी चकती तिने इंधनाच्या मार्गात बसविली. विमाने कारखान्यात परत न आणता, शिलिंग आणि तिचे सहकारी विमानतळोविमानतळी जाऊन ही चकती बसवीत गेले. एंजिन गुदमरण्याचे संकट त्यामुळे बव्हंशी टळले. इंधनाच्या मापातील चुकीचे मोल किती असू शकते आणि नेमक्या मापाचे एक छिद्र काय साधू शकते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

फवाऱ्याचा इतिहास

इंधन दाबाने आत फवारण्याची कल्पना पेट्रोल-एंजिनापेक्षा डिझेल-एंजिनात आधी रुजली. रूडोल्फ डिझेल ह्याच्या एंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे झाली. ह्या एंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात शिरलेले तेल आपोआप पेटते. ते तेल आत घालण्यासाठी डिझेलने दाबलेल्या हवेचा झोत वापरला होता, आणि त्यासाठी लागणारा हवेचा पंप अवजड असे. रॉबर्ट बॉश ह्याच्या कारखान्यात १९२२ पासून चाललेल्या प्रयत्नांतून १९२७ साली सुटसुटीत असा इंधन-पंप बाजारात आला, आणि डिझेल-एंजिन मालमोटारीत बसविण्याजोगे झाले. भारतात हे तंत्र १९५१ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने, म्हणजे ‘मायको’ने रुजविले. तिचा एक कारखाना नाशिकला उभा राहिला, आणि तेथील मायको सर्कल हा चौक अजून त्या नावाची आठवण देतो.

पेट्रोलच्या मोटारींत १९५४ साली मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएल ह्या गाडीने यांत्रिक इंजेक्शन आणले. पण ते महाग होते. विजेवर चालणारी यंत्रणा अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५७ साली जाहीर केली. त्या काळातील विद्युत्-भाग उष्णता व ओलावा ह्यांपुढे टिकले नाहीत, आणि थोड्याच मोटारींवर बसून ती मागे पडली. तिचे पेटंट-हक्क पुढे बॉशकडे गेले. तोवर ट्रान्झिस्टर विश्वासार्ह झाले होते, आणि १९६७ साली फोक्सवागेन १६०० ह्या मोटारीत विद्युत्-नियंत्रित इंजेक्शन यशस्वीपणे अवतरले.

त्याच्या प्रसाराला खरी चालना मात्र धुराने दिली. निष्कासनळीतील विषारी वायू निरुपद्रवी करणारा उत्प्रेरक परिवर्तक हवा-पेट्रोलाचे प्रमाण अगदी नेमके असेल तरच पुरेपूर काम करतो, आणि कार्ब्युरेटरला एवढा नेमकेपणा साधणे कठीण जाते. भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास ह्या चार महानगरांत नव्या पेट्रोल-मोटारींना परिवर्तक आवश्यक ठरला. पुढे प्रदूषणाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले, तसा कार्ब्युरेटर मोटारींतून नाहीसा झाला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे मानक देशभर लागू झाले, तेव्हा नव्या स्कूटरी व मोटारसायकलींतही इंजेक्टर आला. आज गावातल्या दूधवाल्याच्या नव्या मोटारसायकलीत जे यंत्र आहे, त्याचे तत्त्व महागड्या मोटारीतल्या यंत्राहून वेगळे नाही.

इंजेक्टरचे अंतरंग

रंगपंचमीच्या पिचकारीशी इंजेक्टरची तुलना सहज सुचते, पण ती पूर्णपणे लागू पडत नाही. पिचकारीत दाब निर्माण करणारा दट्ट्या तिच्या आतच असतो. पेट्रोलच्या इंजेक्टरात तसे नसते. तो घरातल्या नळाच्या तोटीसारखा असतो. दाब मागून तयार होऊन येतो, तोटी फक्त उघडायची आणि मिटायची. हा दाब टाकीत बुडालेला विजेचा पंप निर्माण करतो. पेट्रोल गाळणीतून एका आडव्या नळीत येते. ह्या नळीला कारागीर ‘फ्युएल रेल’ म्हणतात. सामान्य पेट्रोल-मोटारीत तेथील दाब वातावरणाच्या दाबाच्या तिप्पट ते चौपट असतो.

ह्या नळीवर प्रत्येक सिलिंडरासाठी एक इंजेक्टर बसविलेला असतो. त्याच्या वरच्या तोंडाशी अतिशय बारीक जाळीची टोपलीवजा गाळणी असते. तिच्याखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्याच्या मध्यभागी लोखंडी दांडा असतो. दांड्याच्या टोकाशी सुई किंवा लहानशी गोळी असते आणि एक स्प्रिंग तिला खालच्या बैठकीवर सतत दाबून धरते. बैठकीच्या खाली पातळ चकती असून तिला अनेक बारीक छिद्रे असतात. वेटोळ्यातून विजेचा प्रवाह गेला की ते चुंबक बनते, दांडा वर खेचला जातो, सुई बैठकीवरून उचलली जाते आणि पेट्रोल छिद्रांतून धुक्यासारखे बाहेर पडते. प्रवाह थांबला की स्प्रिंग सुईला पुन्हा जागेवर बसविते. सुईची ही उचल एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. इंजेक्टरच्या वर व खाली रबरी कडी, म्हणजे ‘ओ-रिंग’, बसविलेली असते. वरची पेट्रोल गळू देत नाही आणि खालची बाहेरची हवा आत शिरू देत नाही.

छिद्रांचे माप ठरलेले, दाब ठरलेला. तेव्हा पेट्रोल किती जाणार हे केवळ इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला ह्यावर अवलंबून राहते. द्रवाचे माप अशा रीतीने काळाच्या मापात रूपांतरित झाले, ही ह्या यंत्रणेतील मर्माची गोष्ट होय. मंद चालीत हा काळ दोन-तीन सहस्रांश सेकंद असतो. चढावर भार पडला की तो दहा सहस्रांश किंवा अधिक होतो. फवारा साधारणपणे प्रवेश-झडपेच्या मागील बाजूवर पडतो. काही नव्या मोटारींत तो थेट सिलिंडरात पडतो. तेथे दाबही वातावरणाच्या दोनशे पटींहून अधिक ठेवावा लागतो.

आज्ञा देणारा संगणक

इंजेक्टर उघडण्याची आज्ञा एक छोटा संगणक देतो. एंजिनाने किती हवा ओढली, तिचे तापमान काय, एंजिनाचे पाणी किती तापले, दट्ट्या कोणत्या स्थितीत आहे, चालकाने ॲक्सिलरेटर किती दाबला, ह्या सर्वांची वार्ता निरनिराळे संवेदक त्याला देतात. थंड एंजिनात पेट्रोलाची वाफ नीट होत नाही, म्हणून तेव्हा तो इंजेक्टर अधिक वेळ उघडा ठेवतो. जुन्या चोकचे काम ते हेच. बॅटरी दुबळी असेल तर सुई उचलली जाण्यास किंचित उशीर लागतो. तेवढा वेळही संगणक हिशेबात धरतो.

आपला हिशेब बरोबर आला की नाही, हे पाहण्याची सोयही त्याच्यापाशी आहे. निष्कासनळीत बसविलेला ऑक्सिजन-संवेदक जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन उरला की नाही ते सांगतो. नेहमीच्या प्रकारच्या संवेदकात झिर्कोनियम ऑक्साइड ह्या चिनी मातीसारख्या पदार्थाचे कवच असते. मिश्रणात पेट्रोल अधिक झाले की त्यापासून सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट दाबाची वीज मिळते, कमी झाले की ती ०.१ व्होल्टच्या आसपास उतरते. संगणक त्यानुसार इंजेक्टर उघडा ठेवण्याचा काळ क्षणोक्षणी कमी-अधिक करतो. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला हवा कमी लागते, आणि अशा मिश्रणासाठी १४.७ ऐवजी सुमारे १३.५ हे प्रमाण येते. त्यासाठी बनविलेल्या मोटारींत हा फरकही ह्याच मार्गाने भरून काढला जातो.

परंतु ह्या व्यवस्थेला एक मर्यादा आहे. समजा, चार इंजेक्टरांपैकी एकाची छिद्रे बुजून तो २० टक्के पेट्रोल कमी देऊ लागला. संवेदकाला चौघांची सरासरी कळते. म्हणजे त्याला एकूण ५ टक्के तूट दिसते. संगणक ती भरून काढण्यासाठी चारही इंजेक्टर थोडे अधिक वेळ उघडे ठेवतो. परिणामी निर्दोष असलेल्या तीन सिलिंडरांत पेट्रोल सुमारे ५ टक्के जास्त होते, आणि सदोष सिलिंडरात अजूनही सुमारे १६ टक्के कमीच राहते. सरासरी बरोबर, पण एकही सिलिंडर बरोबर नाही! गाडी चालत राहते; मात्र ती थोडी थरथरते, पेट्रोल अधिक पिते, आणि परिवर्तकावर न जळलेल्या वायूंचा भार पडतो.

छिद्रे का बुजतात?

पुष्कळांची समजूत अशी, की पेट्रोलातील धूळ इंजेक्टरात साचते. धूळ बहुधा आधीच्या गाळणीत अडते. खरा उपद्रव पेट्रोलच करते, आणि तोही गाडी उभी असताना. एंजिन बंद केले की पाणी व वारा खेळायचा थांबतो, आणि तापलेल्या एंजिनाच्या उष्णतेने इंजेक्टरचे टोक काही काळ अधिकच तापते. तेथे राहिलेल्या पेट्रोलाच्या पापुद्र्यातील हलका अंश उडून जातो. जड अंश ऑक्सिजनशी संयोग पावून डिंकासारखा चिकट होतो आणि हळूहळू कडक लुकणासारखा बसतो. म्हणून लांबवर सलग धावणाऱ्या गाडीपेक्षा, दिवसातून दहा वेळा दोन-दोन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीचे इंजेक्टर लवकर खराब होतात.

अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात इंजेक्टरच्या मोटारी वाढल्या, तेव्हा ही तक्रार मोठ्या प्रमाणावर पुढे आली. तिच्यावर दोन बाजूंनी उपाय झाले. इंजेक्टरच्या टोकाची रचना सुधारून अनेक छिद्रांची चकती आली, आणि पेट्रोलात मळ धरू न देणारी निर्मलक द्रव्ये मिसळली जाऊ लागली. १९९५ पासून तर तेथे ती मिसळणे कायद्यानेच आवश्यक ठरले. ह्यामुळे आजच्या चांगल्या पेट्रोलावर चालणाऱ्या गाडीचे इंजेक्टर वारंवार साफ करण्याची आवश्यकता उरलेली नाही.

दोषाची परीक्षा

गाडी उभी असताना एंजिन थरथरणे, वेग घेताना अडखळणे (कारागिरांच्या भाषेत ‘मिसिंग’), ॲव्हरेज उतरणे, सकाळी गाडी उशिरा सुरू होणे, पेट्रोलचा वास किंवा काळा धूर येणे, ही लक्षणे इंजेक्टरच्या बिघाडाची असू शकतात. परंतु नेमकी हीच लक्षणे झिजलेला स्पार्क प्लग, दुबळी कॉइल, तुंबलेला एअर फिल्टर, फाटलेली हवेची नळी किंवा क्षीण झालेला पंप ह्यांमुळेही दिसतात. म्हणून लक्षण दिसताच इंजेक्टर काढणे हे, ताप आला की लगेच शस्त्रक्रिया करण्यासारखे होय.

परीक्षेचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा. प्रथम संगणकात नोंदलेले दोष-संकेत वाचावेत. मग प्लग, कॉइल, एअर फिल्टर आणि हवेच्या नळ्या पाहाव्यात. त्यानंतर पेट्रोलाचा दाब मोजावा; दाबच कमी असेल तर चारही इंजेक्टर निर्दोष असूनही दोषी दिसतील. एवढे झाल्यावर इंजेक्टरकडे वळावे. एंजिन चालू असताना कारागीर लांब दांड्याच्या पेचकशाचे टोक इंजेक्टरच्या अंगावर टेकवून मूठ कानाशी धरतो. निरोगी इंजेक्टर टिक-टिक असा स्पष्ट व नियमित आवाज करतो. मुका असेल तर त्याला वीज पोचत नाही किंवा तो अडकला आहे. वेटोळ्याचा विद्युत्-रोधही मोजता येतो. अनेक पेट्रोल-मोटारींत तो १२ ते १६ ओहम असतो. वेटोळे तुटले असेल तर कोणत्याही सफाईने तो इंजेक्टर सुधारणार नाही.

छिद्रे बुजली आहेत की नाही ह्याची निर्णायक परीक्षा मात्र इंजेक्टर काढूनच होते. चारही इंजेक्टर एका यंत्रावर मापाच्या काचनळ्यांवर शेजारी शेजारी लावून त्यांना सारखाच दाब व सारखीच विद्युत्-आज्ञा देतात. नळ्यांतील पातळी सारखी भरली तर सर्व ठीक. एखादी मागे राहिली तर दोष डोळ्यांनीच दिसतो. फवारा धुक्यासारखा पडतो की धार लागते, आणि मिटलेल्या इंजेक्टरच्या टोकाशी थेंब जमतो की काय, हेही तेथेच कळते. नंतर इंजेक्टर द्रवात ठेवून मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी साफ करतात. ह्या लहरींमुळे द्रवात उत्पन्न होणारे असंख्य बुडबुडे फुटताना थराचे कण उखडून काढतात. सफाईनंतर तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. आधीचे व नंतरचे माप पाहिल्याशिवाय सफाईचे पैसे देऊ नयेत, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण ज्याचे माप आधी घेतलेच नाही, ते सुधारले असे कशाच्या आधारे म्हणावयाचे?

रोजची निगा

इंजेक्टरची उत्तम निगा टाकीपासूनच सुरू होते. पेट्रोल खात्रीच्या पंपावरून घ्यावे. ग्राहकाने मागितल्यास पंपावर गाळण-कागदाची चाचणी करून दाखविली जाते: शुद्ध पेट्रोलाचा थेंब कागदावर डाग न ठेवता उडून जातो, भेसळीचा थेंब डाग मागे ठेवतो. ही चाचणी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि तिला दोन मिनिटेही लागत नाहीत.

टाकी नेहमी तळाला जाऊ देऊ नये. टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलानेच थंड राहतो. शिवाय रिकाम्या जागेतील दमट हवेचे पाणी होऊन तळाशी जमते, आणि इथेनॉल पाणी शोषून घेणारे असल्याने हा उपद्रव पावसाळ्यात वाढतो. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये; ठेवावीच लागली तर टाकी भरून ठेवावी. केवळ गल्लीबोळात फिरणारी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग अर्धा-पाऊण तास चालवावी. इंधनाची गाळणी पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर बदलावी. जुन्या गाडीतील काही रबरी नळ्या व कड्या वीस टक्के इथेनॉलला तोंड देण्यासाठी बनविलेल्या नसतात. त्यांना भेगा पडल्या आहेत की काय ते वरचेवर तपासावे.

टाकीत ओतावयाची सफाईची द्रव्ये बाजारात पुष्कळ मिळतात. त्यांतील पॉलिइथर-अमाइन हे द्रव्य असलेली औषधे सौम्य थरावर गुणकारी ठरतात; परंतु ती सांगितलेल्या प्रमाणातच घालावीत, आणि अडकलेली सुई किंवा तुटलेले वेटोळे त्यांनी बरे होईल अशी आशा धरू नये. जेथे पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते, तेथे ते प्रवेश-झडपांना स्पर्शच करीत नाही. त्यामुळे झडपांवरचा थरही अशा औषधाने निघत नाही.

इंजेक्टर काढल्यास ओ-रिंग नव्या घालाव्यात आणि बसविताना त्यांना तेलाचे बोट लावावे, म्हणजे त्या कापल्या जात नाहीत. छिद्रांत तार किंवा सुई कधीही घालू नये. छिद्राचे माप बिघडले की इंजेक्टर कायमचा बिघडला. साफ करताना वेटोळ्याला बॅटरीची वीज सतत देऊन ठेवू नये. ते तापून जळते.

सावधगिरीचे चार शब्द

एंजिन बंद झाल्यावरही फ्युएल रेलमधील पेट्रोलावर दाब राहतो. तो आधी रीतसर उतरविल्याखेरीज आणि बॅटरीची तार सोडविल्याखेरीज कोणतीही नळी सैल करू नये. काम उघड्या जागी करावे आणि विडी-सिगारेट, शेगडी किंवा ठिणगी जवळपास नसावी. तापलेल्या एंजिनावर पडलेले पेट्रोल केव्हा पेट घेईल ह्याचा नेम नसतो.

डिझेल-मोटारींच्या बाबतीत तर अधिकच जपावे. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ ह्या मोटारीपासून प्रवासी गाड्यांत आलेल्या ‘कॉमन रेल’ यंत्रणेत तेलाचा दाब वातावरणाच्या हजारपटींहून अधिक असतो. आजच्या काही यंत्रणांत तो दोन हजारपटींच्या पुढे गेला आहे. अशा नळीतील केसाएवढ्या भेगेतून निघणारी धार डोळ्यांना दिसतही नाही, पण ती कातडी भेदून तेल हातात खोलवर घुसविते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, वेदना प्रथम थोडी असते, आणि म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते; पण वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हातही गमवावा लागतो. गळती हाताने कधीही चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा दूरवर धरून पाहावे. अशी इजा झालीच तर ‘उद्या पाहू’ न म्हणता तत्काळ रुग्णालय गाठावे आणि दाबाखालील तेल शिरले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. डिझेलचे इंजेक्टर घरी उघडण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

उपसंहार

कार्ब्युरेटरच्या काळात कुशल मिस्त्री कानाने एंजिन ऐके, बोटाने पेच फिरवी आणि गाडी लागी लावी. ती विद्या खोटी नव्हती. आजही पेचकसाच्या मुठीतून इंजेक्टरची टिक-टिक ऐकणारा कान तिचाच वारस आहे. मात्र ज्या थेंबाचे माप मिलिग्रॅमात आणि ज्या क्षणाचे माप सहस्रांश सेकंदात, त्याच्या बाबतीत कानाच्या जोडीला काचनळी आणि दाबमापक लागतात. गाडी अडखळली तर आधी मोजावे, मग उपाय योजावा, आणि उपायानंतर पुन्हा मोजावे. विज्ञानाची ही साधी शिस्त मोटारमालकाचे पैसे वाचविते आणि कारागिराची पत वाढविते. रस्त्याच्या कडेने शाळेला चाललेल्या मुलाच्या श्वासात जाणारा धूरही तिच्यामुळेच कमी होतो.